कोपनहेगनची नोंद

'मंजूर' आणि 'नोंद घेतली' या दोन शेऱ्यांतील अंतर टिपणे लिहिण्यात उमेद घालविणाऱ्या आम्हा मंडळींना निराळे सांगावयास नको. पहिल्या शेऱ्याने काम सुरू होते; दुसऱ्याने कागद बहुधा फाइलीत निजतो. १९ डिसेंबर २००९ रोजी कोपनहेगन येथील जागतिक हवामान परिषदेने आपल्यापुढील कराराची केवळ 'नोंद घेतली', तेव्हा जगाची जी निराशा झाली, तिचे मर्म आम्हांस म्हणूनच चटकन उमगले.

या परिषदेकडून अपेक्षा थोर होत्या, आणि त्या अकारण नव्हत्या. १९९२ साली रिओ येथे सह्यांसाठी खुल्या झालेल्या हवामानविषयक करारात जबाबदारी सर्वांची, परंतु सारखी नव्हे, हे तत्त्व मान्य झाले. १९९७ च्या क्योटो मसुद्याने त्याला आकडा दिला : संपन्न राष्ट्रांनी २००८ ते २०१२ या काळात आपले वायू-उत्सर्जन १९९० च्या मानाने सरासरी सुमारे ५ टक्क्यांनी घटवावे. विकसनशील देशांवर असे बंधन नव्हते. अमेरिकेच्या सेनेटने मात्र त्याच वर्षी जुलैत, ९५ विरुद्ध शून्य मतांनी, असला एकतर्फी करार नको असे आधीच बजावले होते. २००१ मध्ये अमेरिका त्यातून बाहेर पडली. क्योटो करार १६ फेब्रुवारी २००५ रोजी अमलात आला खरा, परंतु त्याची पहिली मुदत २०१२ अखेर संपणार होती. पुढे काय, हे ठरविण्यास बाली येथे २००७ साली दोन वर्षांची मुदत घालण्यात आली, आणि ती कोपनहेगन येथे भरत होती.

शंभराहून अधिक राष्ट्रप्रमुख व शासनप्रमुख तेथे जमले. भारताने आधीच जाहीर केले होते की, २००५ च्या मानाने उत्पन्नाच्या प्रत्येक एककामागील उत्सर्जन २०२० पर्यंत २० ते २५ टक्क्यांनी उतरवू. तथापि यजमान डेन्मार्कचा एक मसुदा पहिल्याच आठवड्यात बाहेर फुटला आणि गरीब राष्ट्रांच्या मनात संशय शिरला. १८ तारखेच्या सायंकाळी भारत, चीन, ब्राझील व दक्षिण आफ्रिका यांचे नेते बसले असता अध्यक्ष ओबामा तेथे येऊन दाखल झाले, आणि त्या खोलीत मजकूर ठरला. उत्तररात्री तो सर्व सभासदांपुढे आला. तुवालू, बोलिव्हिया, व्हेनेझुएला, सुदान, निकाराग्वा यांनी हरकत घेतली. सर्वसंमतीवाचून ठराव होत नाही. तेव्हा उरला तो शेरा 'नोंद घेतली' एवढाच.

येथवरची हकीकत अपयशाची म्हणून सांगितली जाते. परंतु हा कागद निजला नाही. तापमानवाढ दोन अंशांच्या आत राखणे आणि २०२० पर्यंत गरीब देशांसाठी दरसाल १०० अब्ज डॉलर उभे करणे, ही त्यातील कलमे २०१० साली कानकून येथे रीतसर स्वीकारली गेली. प्रत्येकाने आपला संकल्प आपणच जाहीर करावा, ही रीतही २०१५ च्या पॅरिस करारात कायम झाली. किंमत मात्र मोजावी लागली : बंधनाची जागा इच्छेने घेतली. संपन्न राष्ट्रांच्या उत्सर्जन-कपातीसंबंधी 'करतील' असे बंधनकारक क्रियापद पॅरिसच्या मसुद्यात होते; अखेरच्या घटकेस ते लेखनदोष म्हणून वगळून 'करावे' असे सौम्य रूप घालण्यात आले. लेखनदोषाच्या यादीत केवढा अर्थ मावतो, याचा अनुभव आमच्या वाचकांना असेलच.

आश्वासनाचे १०० अब्ज डॉलर प्रथम पुरे झाले ते २०२२ साली, असे संपन्न राष्ट्रांच्या आर्थिक सहकार्य संघटनेचाच हिशेब सांगतो. २०२४ मध्ये बाकू येथे २०३५ पर्यंत वार्षिक ३०० अब्जांचा ठराव मंजूर झाला. भारताने त्यास हरकत घेतली, परंतु तोवर अध्यक्षांचा हातोडा पडून गेला होता.

आमच्या मते कोपनहेगन सर्वस्वी फसले नाही. त्या शेऱ्याखाली काम पुढे सरकले, परंतु ज्यांना थांबण्यास सवड होती त्यांच्या गतीने. त्या रात्री हरकत घेणाऱ्या तुवालूची वस्ती अवघी दहा-अकरा हजार. २०२३ साली त्याने ऑस्ट्रेलियाशी एक करार केला. त्यान्वये दरसाल २८० तुवालूवासीयांना आपले बेट सोडून ऑस्ट्रेलियात जाऊन राहता येते. हा करार मात्र मंजूर झाला आहे.