जागेपणीची शस्त्रक्रिया : नेत्रबधिरीकरणाचा इतिहास

भूल हा शब्द उच्चारताच सामान्य माणसाच्या मनापुढे गाढ झोपेचे चित्र उभे राहते. शुद्ध हरपावी, शस्त्रवैद्याने आपले काम उरकावे आणि डोळे उघडावेत तेव्हा सारे संपलेले असावे, एवढीच भुलेविषयी आपली कल्पना असते. डोळ्याच्या शस्त्रक्रियेचा प्रकार मात्र निराळा आहे. तेथे रुग्ण बहुधा जागा असतो. तो डॉक्टरांचे बोलणे ऐकतो, विचारले तर उत्तरही देतो. आणि त्याच वेळी त्याच्या देहातील सर्वांत नाजूक अवयवावर शस्त्र चाललेले असते. मनुष्य शुद्धीवर राहावा आणि त्याचा केवळ डोळाच निजावा, ही अवस्था माणसाला साधली त्यास अजून दीडशे वर्षेही झालेली नाहीत. ती कशी साधली आणि तिच्यासाठी कोणकोणती किंमत मोजावी लागली, हे पाहण्यासारखे आहे.

मोतीबिंदूवरील शस्त्रकर्म आपल्या देशात फार प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात त्याचे वर्णन येते. गढूळ झालेले भिंग शलाकेने दृष्टीच्या मार्गातून बाजूला सारावयाचे, असा तो विधी होता. रुग्णाला नीट धरून बसवावे, त्याला स्वतःच्या नाकाकडे पाहावयास सांगावे आणि नंतर शलाका घालावी, असे सुश्रुत सांगतो. पुढे शिंकणे, खोकणे, ढेकर देणे, थुंकणे, अंग हलविणे हे सारे त्याने वर्ज्य ठरविले आहे. ह्या सूचनांत एक मर्म आहे. डोळ्याच्या शस्त्रकर्मात रुग्णाने सहकार्य केले पाहिजे आणि तो निश्चल राहिला पाहिजे, ही जाणीव तेव्हाही पूर्ण होती. वेदना थांबविण्याचे साधन तेवढे हाती नव्हते.

ही स्थिती शतकानुशतके टिकली. तंजावरचे सरफोजीराजे दुसरे (मृत्यू १८३२) यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी, डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात जतन झाल्या आहेत. महाराष्ट्रापासून इतक्या दूर नांदलेल्या ह्या मराठी राजाची विज्ञानदृष्टी आपणांस अभिमान वाटावा अशीच होती. परंतु त्याच्या नोंदींतील रुग्णांनाही शस्त्र सोसावे लागले ते पूर्ण जाणिवेनिशी. युरोपातही याहून वेगळे नव्हते. थोर संगीतकार बाख याच्या डोळ्यांवर १७५० साली जॉन टेलर नावाच्या फिरत्या नेत्रवैद्याने शस्त्रक्रिया केली, ती अशीच; आणि त्याच वर्षी बाख मरण पावला.

अठराव्या शतकाच्या मध्यास झाक दाव्हिएल या फ्रेंच शस्त्रवैद्याने भिंग नुसते बाजूला न सारता डोळ्याच्या बाहेर काढण्याची रीत सुरू केली. शास्त्र पुढे गेले, पण रुग्णाची परीक्षा अधिकच कठीण झाली. आता बुबुळावरील पारदर्शक पडद्याला अर्धवर्तुळाकार छेद घ्यावा लागे. तो शिवण्याची सोय नव्हती. डोळा उघडा असताना रुग्णाने वेदनेने पापण्या घट्ट आवळल्या, तर आतील काचेसारखा द्रव बाहेर येई आणि दृष्टी कायमची जाई. म्हणजे ज्या वेदनेने माणूस हलतो, तीच वेदना त्याला आंधळा करण्यास कारण होई.

१८४६ साली बॉस्टन येथे ईथरचा आणि पुढल्याच वर्षी एडिंबरो येथे क्लोरोफॉर्मचा उपयोग सिद्ध झाला, तेव्हा सर्व शस्त्रवैद्यांस मोठा आनंद झाला. नेत्रवैद्यांचा आनंद मात्र अपुरा राहिला. भूल देणाऱ्याचा हात आणि मुखवटा नेमका त्यांच्या कामाच्या जागी येई. बेशुद्ध रुग्णाला 'खाली पाहा' असे सांगता येत नसे. सर्वांत वाईट गोष्ट घडे ती शुद्धीवर येताना. ईथर आणि क्लोरोफॉर्म यांनी उलट्या होत. एका उबळीसरशी न शिवलेली जखम उघडे आणि तासाभराच्या कौशल्यावर पाणी पडे. त्यामुळे कित्येक नेत्रवैद्य क्लोरोफॉर्म उपलब्ध असूनही जागत्या, तळमळणाऱ्या रुग्णावरच शस्त्र चालविणे पसंत करीत.

ह्या कोंडीतून सुटण्याचा मार्ग दक्षिण अमेरिकेतील एका झुडपाच्या पानांतून निघाला. पेरूमधील लोक कोका नावाची पाने थकवा घालविण्यासाठी चघळीत आले आहेत. 'नोव्हारा' या ऑस्ट्रियन जहाजाने पृथ्वीप्रदक्षिणेवरून १८५९ साली परतताना ही पाने आणली आणि गेटिंगेन येथील रसायनशाळेत आल्बर्ट नीमान याने त्यांतून कोकेन वेगळे केले. त्याच्या चवीने जीभ बधिर होते, हे त्याने १८६० सालीच लिहून ठेवले होते. पुढे इतरांनीही ते अनुभवले. तरीही जिभेला जे होते ते डोळ्यालाही होईल, हा साधा विचार सुचण्यास चोवीस वर्षे जावी लागली.

तो सुचला कार्ल कोलर या व्हिएन्नातील रुग्णालयात काम करणाऱ्या सव्वीस वर्षांच्या डॉक्टरला. आर्ल्ट या विख्यात नेत्रवैद्याच्या हाताखाली जागा मिळावी, ही त्याची आकांक्षा होती. डोळ्यापुरते बधिरीकरण साधेल असे औषध हवे, ही आर्ल्टची तळमळ त्याने ऐकली होती आणि मॉर्फीन, क्लोरल आदी द्रव्ये प्राण्यांच्या डोळ्यांत घालून त्याने अपयशही घेतले होते. त्याच रुग्णालयात त्याचा मित्र सिग्मंड फ्रॉइड, पुढे मानसशास्त्रात युगप्रवर्तक ठरलेला, कोकेनचा अभ्यास करीत होता. फ्रॉइडने १८८४ च्या उन्हाळ्यात कोकेनवर प्रबंध लिहिला. त्याच्या बधिर करणाऱ्या गुणाकडे शेवटी ओझरता निर्देशही केला आणि तो आपल्या वाग्दत्त वधूच्या भेटीस दूर निघून गेला.

इकडे एका सहकाऱ्याने जीभ बधिर होण्याची गोष्ट सहज बोलता बोलता काढली आणि कोलरच्या मनात प्रकाश पडला. तो तडक प्रयोगशाळेत गेला. गेर्टनर नावाच्या साहाय्यकाच्या मदतीने त्याने कोकेनचे द्रावण केले आणि ते बेडकाच्या डोळ्यात टाकले. काही क्षणांनी डोळ्यास स्पर्श केला, टोचले. बेडूक हलला नाही. नंतर ससा आणि कुत्रा यांच्यावर तोच अनुभव आला. शेवटी त्या दोघा तरुणांनी ते द्रावण स्वतःच्या डोळ्यांत घातले आणि आरशासमोर उभे राहून टाचणीच्या टोकाने बुबुळास स्पर्श केला. काहीच कळले नाही!

१५ सप्टेंबर १८८४ रोजी हायडेलबर्ग येथील नेत्रवैद्यांच्या परिषदेत हा शोध जाहीर झाला. तो वाचून दाखविला मात्र त्रिएस्तचे डॉ. ब्रेटाउअर यांनी, कारण कोलरजवळ हायडेलबर्गला जाण्याइतके पैसे नव्हते. परिषदेस हजर असलेल्या न्यूयॉर्कच्या डॉ. नॉइस यांनी ही वार्ता आपल्या देशी कळविली आणि महिन्याच्या आत ती तेथील वैद्यकीय पत्रात छापली गेली. पुढच्याच वर्षी फ्रॉइडच्या वडिलांच्या डोळ्यावर काचबिंदूची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा कोकेनचे थेंब घालावयास कोलरच होता आणि फ्रॉइड जवळ उभा होता.

मानवजातीवर एवढे उपकार करणाऱ्या ह्या माणसाला त्याच्या गावाने काय दिले? कोलर ज्यू होता. १८८५ च्या जानेवारीत रुग्णालयातच एका सहकाऱ्याने त्याच्या जातीवरून अपशब्द उच्चारला. कोलरने त्याला थोबाडीत मारली आणि प्रकरण तलवारीच्या द्वंद्वापर्यंत गेले. प्रतिस्पर्धी जखमी झाला, कोलर सुखरूप राहिला. पण ज्या जागेची त्याने आस धरली होती ती त्याला कधीच मिळाली नाही. १८८८ साली तो न्यूयॉर्कला गेला आणि १९४४ साली तेथेच वारला. व्हिएन्नाला ज्याचा उपयोग करून घेता आला नाही, त्याचा लाभ परक्या नगरीला झाला.

कोकेनच्या थेंबाने डोळ्याचा पृष्ठभाग बधिर झाला, पण तेवढ्याने काम भागण्यासारखे नव्हते. डोळ्याच्या हालचाली करणारे स्नायू थेंबाने थांबत नाहीत आणि खोलवरची वेदनाही पुरती जात नाही. शिवाय कोकेनने बुबुळाचा पडदा खराब होई, आणि त्याचे व्यसन तर भयंकर. अमेरिकेतील विल्यम हॅल्स्टेड हा थोर शस्त्रवैद्य स्वतःवर प्रयोग करता करता त्या व्यसनात अडकला. १९०४ साली आइनहॉर्न या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने व्यसन न लावणारे नोव्होकेन तयार केले आणि १९४३ साली स्वीडनमध्ये लोफग्रेन व लुंडक्विस्ट यांनी लिग्नोकेन सिद्ध केले, तेव्हा औषधाचा प्रश्न बहुतांशी मिटला. ही द्रव्ये मज्जातंतूच्या आवरणातील सोडियमचे मार्ग काही काळ बंद करतात. त्यामुळे वेदनेचा निरोप मेंदूपर्यंत पोचत नाही आणि स्नायूंना हालचालीची आज्ञाही मिळत नाही.

औषध कोठे घालावयाचे, हा प्रश्न मात्र शिल्लक होता. डोळ्याच्या मागे चार सरळ स्नायूंचा एक शंकू असतो आणि संवेदना नेणारे तंतू त्याच्यातून जातात. त्या शंकूत सुईने औषध सोडले, तर वेदना आणि हालचाल दोन्ही एकदम थांबतात. न्यूयॉर्कच्या हर्मन क्नाप याने १८८४ सालीच डोळ्याच्या मागे कोकेन टोचून पाहिले होते. १९१४ साली फान लिंट याने पापण्या आवळणारा स्नायू निश्चल करण्याची रीत दाखविली. १९३६ साली ॲटकिन्सन या अमेरिकन नेत्रवैद्याने शंकूतील टोचणीची पद्धत नीट मांडली आणि ती जगभर रूढ झाली. रुग्णाने वर आणि नाकाकडे पाहावे व तेव्हा सुई घालावी, असा त्याचा नियम होता. पुढे पंचेचाळीस वर्षे विद्यार्थी तोच नियम गिरवीत राहिले.

ह्या पद्धतीने असंख्य लोकांस दृष्टी मिळाली, यात शंका नाही. परंतु जेथे सुई जाई ती जागा डोळ्यांनी दिसत नसे. सारा भरवसा हाताच्या अंदाजावर. क्वचित् मागील रक्तवाहिनी फुटून डोळा पुढे येई. क्वचित् सुई डोळ्यातच शिरे. लांबट डोळ्याच्या, म्हणजे जाड चष्मा लावणाऱ्या माणसांत हा धोका विशेष. अगदी विरळा प्रसंगी औषध दृष्टिनाडीच्या आवरणातून थेट मेंदूच्या बुडाशी पोचे आणि रुग्णाचा श्वास थांबे. १९८१ साली उन्झोल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी सी. टी. स्कॅनच्या साहाय्याने डोळ्याच्या मागील रचना तपासली, तेव्हा ध्यानात आले की, वर व आत पाहावयास सांगितल्याने दृष्टिनाडी नेमकी सुईच्या वाटेवर येते! सुरक्षिततेसाठी पाळलेला नियमच धोका वाढवीत होता. तेव्हापासून रुग्णाला समोर पाहावयास सांगण्याची रीत पडली.

पुढील इतिहास हा सुईला डोळ्यापासून दूर नेण्याचा इतिहास आहे. १९८६ साली डेव्हिस व मँडेल यांनी शंकूच्या बाहेरच औषध सोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. औषध अधिक लागते, गुण येण्यास वेळही अधिक लागतो, पण सुई दृष्टिनाडीपासून लांब राहते. १९९२ साली लंडनच्या स्टीव्हन्स यांनी सुई अजिबात वगळली. डोळ्यावरील पातळ त्वचेस बारीक चीर देऊन, टेनॉन नावाच्या फ्रेंच शारीरविदाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आवरणाखाली बोथट, बाकदार नळीने औषध सोडावयाचे, ही ती रीत. तिचे बीजही १८८४ सालीच फिलाडेल्फियाच्या टर्नबुल याने टाकले होते.

आपल्या देशाच्या दृष्टीने ह्या सर्व खटाटोपाचे मोल फार मोठे आहे. संपूर्ण भूल द्यावयाची तर यंत्र हवे, प्राणवायू हवा, तज्ज्ञ हवा. आणि मोतीबिंदूने आंधळे झालेले आपले बहुसंख्य बांधव खेड्यांत राहणारे, वृद्ध आणि निर्धन. विजापूरकडील बीळगी या गावी जन्मलेले डॉ. एम. सी. मोदी (१९१६–२००५) यांनी गावोगावी नेत्रशिबिरे भरवून एकेका दिवसात शेकडो शस्त्रक्रिया केल्या. एका सिरिंजमधील औषधाने डोळा बधिर करता आला नसता, तर अशा कार्याची कल्पनाही करता आली नसती. शस्त्रक्रिया झाली की म्हातारा माणूस कोणाचा तरी हात धरून स्वतःच्या पायांनी चालत जाई, याचे श्रेय जितके शस्त्राला तितकेच ह्या बधिरीकरणाला आहे.

इतिहासाची गती कधी कधी वर्तुळाकार असते. मोतीबिंदूचा छेद पुढे तीन मिलिमीटरांइतका लहान झाला. पापण्या आवळल्याने आतील द्रव बाहेर येण्याचे भय त्यामुळे पुष्कळ कमी झाले आणि स्नायू पूर्ण निश्चल असण्याची गरजही उरली नाही. १९९२ साली फिचमन यांनी केवळ थेंब घालून अशी शस्त्रक्रिया करून दाखविली. आज लक्षावधी लोकांच्या डोळ्यांत शस्त्रक्रियेपूर्वी पडतो तो पुन्हा थेंबच. कोलरचाच थेंब, पण त्यातील विष गेलेले. टोचणी मात्र संपलेली नाही. छेद मोठा असेल, काम लांबणार असेल किंवा रुग्णाला डोळा स्थिर ठेवणे जमत नसेल, तर ती लागते. आणि लहान मुलांस संपूर्ण भूलच द्यावी लागते. कोणास काय द्यावे, हे ओळखण्यातच वैद्याचे शहाणपण आहे.

हे सारे पाहिले म्हणजे एक गोष्ट मनावर ठसते. वेदना नाहीशी करणे, एवढाच ह्या शास्त्राचा हेतू कधी नव्हता. वेदना जावी, पण माणूस जागा राहावा. त्याने ऐकावे, समजून घ्यावे आणि आपल्या दृष्टीच्या रक्षणात स्वतः भागीदार व्हावे, असा त्याचा प्रयत्न होता. रुग्णास नाकाकडे पाहावयास सांगणाऱ्या सुश्रुताला हवे होते ते हेच. त्याच्या शलाकेला थेंबाची जोड मिळाली असती तर, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. ती मिळावयास युगे लागली. पण अखेर ती मिळाली, आणि डोळ्यावर शस्त्र चालत असताना माणूस शांतपणे श्वास घेऊ शकला.