साखर, नसा आणि मुका झटका

मागच्या बैठकीत आपल्या एक ताई हप्ता भरायला उठल्या आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. म्हणाल्या, "ऊन लागलं असेल." त्यांना बारा वर्षांपासून शुगर आहे. तपासणीत झोपून मोजलेला बीपी ठीक निघाला, उभं राहिल्यावर मात्र बराच खाली गेला. म्हणून आज या दुखण्याचा इतिहास सांगते.

मधुमेह हे नाव चरक-सुश्रुतांच्या काळापासूनचं. 1921 साली कॅनडात टोरांटोला इन्सुलिन सापडलं आणि शुगरचे रोगी जास्त वर्षं जगू लागले. तेव्हा डोळे, किडनी, पायाच्या नसा यांचं नुकसान दिसू लागलं. हृदयाच्या नसांचं नीट कळायला आणखी वेळ गेला.

श्वास घेताना ठोके वाढतात, सोडताना कमी होतात. उठलो की बीपी सावरतो. हे काम नसा करतात. वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली की त्या बोथट होतात. मग हार्ट अटॅक आला तरी कधी कधी छातीत दुखतच नाही.

1970 नंतर स्कॉटलंडच्या एडिंबरा शहरात डॉ. युइंग आणि डॉ. क्लार्क यांनी सोप्या चाचण्या बसवल्या: खोल श्वास घ्या, उभे राहा, मूठ आवळून धरा, आणि ठोके व बीपी बघा. त्रास असलेल्या ज्यांच्या चाचण्या बिघडलेल्या होत्या, त्यांतले निम्मे पाच वर्षांत दगावले, असं 1980 साली त्यांनी मांडलं.

पण गोष्ट तिथं संपत नाही. डेन्मार्कमध्ये टाईप दोनच्या 160 रोग्यांवर जवळपास आठ वर्षं अभ्यास झाला. ज्यांची साखर, बीपी आणि कोलेस्टेरॉल एकदमच कडक सांभाळलं, त्यांच्या या नसा कमी बिघडल्या. हे 2003 साली छापून आलं.

"मी तर काडीसारखी, मला कुठली शुगर?" असंही म्हणू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून सहा खेड्यांत अभ्यास केला. आपली बाळं वजनाला कमी, पण अंगात चरबी जास्त, असं दिसलं. बारीक माणसालाही शुगर होते.

तेव्हा शुगर असेल तर डॉक्टरांना सांगा, "बीपी झोपून आणि उभं राहून, दोन्ही वेळा मोजा." सकाळी आधी बसा, मग उठा. गोळी मनानं बंद करू नका. अचानक घाम, धाप, गळाठा आला, तर छातीत दुखायची वाट बघू नका, 108 ला फोन लावा.

आपल्या त्या ताई आता उठताना भिंतीला हात लावतात आणि बैठकीला वेळेवर येतात.