हेळव्याची वही आणि रक्ताची परीक्षा

कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव हे दहाव्या वर्षात असताना ता. १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले व शाहू छत्रपती झाले, हे वाचकांस नव्याने सांगावयास नको. त्यानंतर अकराच दिवसांनी फ्रान्समधील कान येथे व्हिक्टोरिया राणीचा पुत्र लिओपोल्ड पाय घसरून पडल्याचे निमित्त होऊन मरण पावला. त्याचे रक्त गोठत नसे. या दोन घटनांचा परस्परांशी काहीएक संबंध नाही. तथापि त्या शेजारी ठेविल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. गादीचा वारसा दत्तविधानाने चालतो; रक्ताचा दोष दत्तकपत्र जुमानीत नाही.

कागलच्या बाजूस, कर्नाटकाच्या सीमेलगत, हेळवी बैलावर बसून येत आणि कुळाची वंशावळ वाचून दाखवीत. त्या वहीत बाप, आजा, पणजा असा पुरुषांचा क्रम. लेकी सासरी गेल्या की त्यांची शाखा तेथेच खुंटली. नेमका हिमोफिलिया त्या खुंटलेल्या शाखेतून वाहतो. मुलगी स्वतः बहुधा धडधाकट राहून दोष पुढे नेते, आणि तो तिच्या मुलाच्या सुजलेल्या गुडघ्यात प्रकट होतो. मग घरोघर एकच उद्गार निघतो : आमच्या घराण्यात असे कधी नव्हते! सुनेच्या माथी लागलेला हा बोल पुष्कळदा खोटा असतो. तीव्र रोगाच्या सुमारे एकतृतीयांश रुग्णांच्या मागे कुळात पूर्वी कोणीच आजारी आढळत नाही. मामाच्या मुलीशी लग्न करण्याच्या आपल्याकडील चालीसही यात फारसे बोल नाहीत. ती चाल घातक ठरते ती दोन्हीकडून दोष यावा लागतो अशा दुर्मिळ विकारांत.

व्हिक्टोरियाच्या वंशातील दोष कोणता, हे रशियन राजकुटुंबाच्या अस्थींवरून २००९ साली निश्चित झाले : तो नवव्या घटकाचा, म्हणजे हिमोफिलिया ‘बी’. त्या परीक्षेचे बिल कोणा शेतकऱ्याच्या खिशातून गेले नाही, एवढे मात्र खरे.

आमच्याकडे प्रश्न तेथेच सुरू होतो. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५२ साली ‘बॉम्बे’ रक्तगटाचा शोध लागला. पुढे १९५७ साली तेथेच स्थापन झालेली रक्तगट-संस्था आज राष्ट्रीय रोगप्रतिकार-रक्तविज्ञान संस्था म्हणून अशा जनुकीय परीक्षा करते. खाजगी प्रयोगशाळांतही त्या होतात. पण खर्च क्रमावर अवलंबून असतो. तीव्र हिमोफिलिया ‘ए’च्या जवळजवळ निम्म्या रुग्णांत जनुकाचा एक ठराविक तुकडा उलटलेला असतो, १९९३ साली हे कळले. तो आधी पाहिला तर बहुधा थोडक्यात भागते; न पाहता सबंध जनुक वाचावयास घेतले की बिल फुगते. सल्ला देणाऱ्याने हा क्रम न सांगणे, ही आमच्या मते निव्वळ बेपर्वाई होय.

विम्याची कथा निराळी. जनुकीय विकारांच्या नावाखाली दावे सरसकट नाकारण्यास दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये आक्षेप घेतला, आणि पुढल्याच महिन्यात विमा नियामक प्राधिकरणाने नव्या पॉलिसीतून तसे कलम वगळण्यास कंपन्यांना बजावले. तरी सामान्य पॉलिसी साधारणतः चोवीस तास रुग्णालयात राहिल्याखेरीज पैसे देत नाही, आणि रक्ताची एक नळी देऊन माणूस अर्ध्या तासात घरी येतो! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाचे नाव आले, हा लाभच. पण त्याने बहिणीच्या परीक्षेचे बिल भरले जात नाही.

ही बहीणच खरी अडचणीत असते. माहेर म्हणते, लग्नाआधी कशाला बोभाटा. लग्नानंतर सासरी कळू नये म्हणून परीक्षाच टळते, आणि ती उघडकीस येते बाळाच्या पहिल्या रक्तस्रावाने. वास्तविक गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यानेही लिंगसंलग्न रोगांच्या तपासणीस मुभा ठेविली आहे. भावाचा दोष एकदा निश्चित झाला, की तिच्यात तेवढीच एक जागा पाहावी लागते, आणि खर्च पुष्कळच उतरतो. यास्तव भावाचा तो अहवाल सातबाऱ्याशेजारी ट्रंकेत जपून ठेवावा, व त्याची एक प्रत मुलीच्या हाती द्यावी.