नवा पीसी जोडला, पंखे फिरतायत, पण स्क्रीन काळीच? आधी हे तपासा

सुटे भाग आणून घरीच पीसी जोडला. बटण दाबताच पंखे फिरले, दिवे लागले, पण मॉनिटरवर ‘नो सिग्नल’. मदरबोर्ड गेला असं लगेच समजू नका. नवा भाग घेण्याआधी या गोष्टी क्रमाने पाहा.

१. थोडं थांबा: डीडीआर५ रॅम असेल तर मदरबोर्ड पहिल्यांदा रॅमशी जुळवून घेतो. याला ‘मेमरी ट्रेनिंग’ म्हणतात. त्यात काही मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते. मध्येच बंद करू नका.

२. मॉनिटरची केबल: ग्राफिक्स कार्ड बसवलं असेल तर केबल त्यातच लावा. नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेल्या इंटेल कोअर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतं. त्यामुळे मदरबोर्डच्या पोर्टमधून चित्र येणारच नाही.

३. सीपीयूची वीज: २४ पिनची मोठी केबल लावली, पण प्रोसेसरजवळची ८ पिनची राहिली, तर पंखे फिरतात, पण पीसी सुरू होत नाही.

४. रॅम: मेन स्विच बंद करून रॅम काढा आणि ‘टक’ आवाज येईपर्यंत पुन्हा दाबून बसवा. मग एकच स्टिक लावून पाहा. चार स्लॉट असतील तर ती सहसा सीपीयूपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवतात.

५. मदरबोर्डवरचे दिवे: अनेक बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार छोटे दिवे असतात. जो लागलेलाच राहतो, अडचण तिथे शोधा.

तरीही अडलं, तर प्रोसेसरसाठी बोर्डाचं बायोस जुनं आहे का, हे दुकानदाराला विचारा. तोवर बिल आणि खोके जपून ठेवा, बदलून मिळण्याची मुदतही पाहून घ्या.