माहेरचं आडनाव आणि लग्नाचं साल



या स्मरणिकेसाठी घराघरांतून वंशावळी गोळा करताना आम्हाला एक गोष्ट दिसली. आजोबा-पणजोबांची नावे सरसर सांगणारी माणसे पणजीचे माहेर विचारले की थबकतात. "दापोलीकडची होती म्हणे," एवढ्यावर भागते. आडनाव थोरला काका एक सांगतो, धाकटी आत्या दुसरेच सांगते. लग्नाचा कागद तर कुणाकडेच नाही. यात कुणाला बोल लावण्यासारखे काही नाही. खुद्द माता रमाईंच्या बाबतीत हेच झाले आहे. ज्यांच्यावर एवढे लिहिले गेले त्यांची ही कथा, मग आपल्या आज्यांचे काय!

रमाईंचे माहेर रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यातले वणंद. वडिलांचे नाव भिकू. इथपर्यंत वाट सरळ आहे. आडनावापाशी मात्र तिला फाटे फुटतात. कुठे धुत्रे छापलेले सापडते, कुठे वलंगकर, तर कुठे एक आडनाव देऊन दुसरे कंसात. वाचणाऱ्याला वाटते की यातले एक चुकीचे असणार. आम्हाला तसे वाटत नाही. कोकणात आपल्या लोकांना कुळाचे एक आणि गावावरून पडलेले दुसरे अशी दोन आडनावे असणे नवे नव्हते. घरात एक चाले, मुंबईत दुसरे. आईवडील लवकर गेल्यावर रमाई आणि भावंडे मुंबईला आली ती नातलगांच्या आधाराने, आणि चरित्रांतून त्या चुलत्यांचा उल्लेख 'वलंगकर काका' असाच येतो.

बाबासाहेबांचेच उदाहरण घ्या. कूळ सकपाळ. मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावावरून आंबडवेकर. आणि साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात ७ नोव्हेंबर १९०० रोजी नाव दाखल झाले ते 'भिवा रामजी आंबेडकर'. त्या रजिस्टरात कुणी सकपाळ शोधत बसला तर दिवसभर पाने उलटूनही त्याला हा मुलगा सापडणार नाही! पण पुरुषाचे निदान रजिस्टर तरी आहे. रमाईंना शाळाच नव्हती. माहेरी त्या रामी, बाबासाहेबांना रामू. १९४० साली निघालेला 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ त्यांनी रामूच्या स्मृतीलाच अर्पण केला.

जाता जाता एक सांगतो. वलंगकर म्हटले की लगेच गोपाळबाबा वलंगकरांशी नाते जोडायचा मोह होतो. गोपाळबाबा महाडकडचे, लष्करी पेन्शनर आणि आपल्या चळवळीचे आद्य पुरुष. नाते असेलही. परंतु आडनाव एक म्हणून घराणे एक, असे वंशावळीत कधी लिहू नये. गावावरून पडलेले आडनाव त्या गावच्या कुणालाही लागते.

आता लग्न. ते भायखळ्याच्या बाजारात रात्री लागले. दिवसाचा बाजार उठल्यावर त्याच जागेत मांडव. हे सगळे सांगतात. साल विचारा, तर बऱ्याच ठिकाणी १९०६ दिलेले असते आणि नवरदेवाचे वय चौदा. दुसरीकडे लग्न मॅट्रिकनंतर झाले, वर सतरा वर्षांचा आणि वधू नऊची, असे असते. मॅट्रिक तर १९०७ ची. दोन्ही एकदम खरे कसे?

आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, रमाईंचा ७ फेब्रुवारी १८९८ चा. सतरा पूर्ण धरली तर एप्रिल १९०८ उजाडतो आणि तोवर रमाईंना दहा पूर्ण झालेली असतात, म्हणजे गणित फसते. पण आपली जुनी माणसे वय सांगताना चालू वर्ष सांगत, "सतरावं लागलं" असे. तसे धरले तर एप्रिल १९०७ ते फेब्रुवारी १९०८ या काळात त्यांना सतरावे आणि रमाईंना नऊ पूर्ण, असे दोन्ही जुळते. मॅट्रिकही तिथेच बसते. आमचा कल म्हणून इकडे आहे. नुसत्या तारखेपेक्षा "मॅट्रिकनंतर" ही आठवण आम्हाला जास्त भरवशाची वाटते, कारण माणूस तारीख विसरतो, पण कशानंतर काय झाले ते सहसा विसरत नाही.

कागद का नाही, याचे उत्तर सोपे आहे. गावात जन्म-मृत्यूची नोंद होई, लग्नाची नव्हे. मुंबई राज्यात विवाह नोंदणीचा कायदा आला तो १९५३ साली. वतनाचा, जमिनीचा, पलटणीचा कागद पुरुषाच्या नावाचा. बाईचे नाव आलेच तर 'अमकी कोम तमका', म्हणजे तमक्याची बायको. बाप तिथे येतच नाही. म्हणून आजीचे माहेर शोधायचे तर तिच्या भावाला शोधावे. त्याचे शाळेचे जनरल रजिस्टर, पेन्शनीचे कागद, महार वतनाचे जुने उतारे यांत ते आडनाव असू शकते. लग्नाचे साल दोन्ही बाजूंनी आवळत आणावे. पहिल्या मुलाचा जन्मदाखला एका बाजूला, आजीच्या तोंडची आठवण दुसऱ्या बाजूला.

आपल्या वस्तीतल्या एका घरात असेच झाले. भावाच्या शाळेच्या दाखल्यावरून आजीचे माहेरचे आडनाव मिळाले. लग्नाचे म्हणाल तर आजी एवढेच सांगून गेली होती की "महाडच्या वेळी मी नवी नवरी होते." महाड १९२७ साली दोनदा झाले. २० मार्चला चवदार तळ्याचे पाणी घेतले, २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. आपल्याकडे लग्ने उन्हाळ्यात. डिसेंबरचे महाड धरले तर लग्न १९२७ च्या उन्हाळ्यातले, मार्चचे धरले तर बहुधा आदल्या, १९२६ च्या. आजीचा धाकटा भाऊ गावी आहे, पंच्याण्णवीच्या पुढचा. त्याच्या जन्माआधीचे हे लग्न, पण आईच्या तोंडून त्याने काय ऐकले ते विचारायला घरचे येत्या महिन्यात जाणार आहेत.