दोन नागरी विमानतळ आणि एक लढाऊ विमान : अभिज्ञानाचा एक प्रश्न

९ जुलै १९६७ रोजी मॉस्कोच्या दक्षिणेस असलेल्या दोमोदेदोवो विमानतळावर ऑक्टोबर क्रांतीच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त सोव्हिएत विमानदलाचे मोठे प्रदर्शन भरविण्यात आले. हा विमानतळ लष्करी नव्हे. प्रवासी वाहतुकीसाठी बांधलेल्या या तळाचे औपचारिक उद्घाटन होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. निमंत्रितांत परकीय वकिलातींचे लष्करी अधिकारी व वार्ताहर होते, आणि सोव्हिएत सत्तेने एरवी कसोशीने झाकून ठेवलेली विमाने त्या दिवशी त्यांच्या डोक्यावरून उघडपणे उडत गेली. त्यांत दोन इंजिनांचे, दोन उभ्या शेपट्यांचे, रुंद चौकोनी हवाद्वारांचे एक प्रचंड लढाऊ विमान होते. पाहणाऱ्यांनी त्याच्या आकृतीची टिपणे केली, छायाचित्रे घेतली, आणि त्याला नाव दिले 'मिग-२३'. आकृती बरोबर टिपली गेली होती; नाव मात्र चुकले. मिग-२३ हे त्याच प्रदर्शनात उडालेले दुसरेच, पंख मागेपुढे वळविता येणारे विमान होते. ज्याला ते नाव मिळाले ते मिग-२५ होय.

ही चूक अज्ञानातून झाली असे म्हणणे पुरेसे नाही. मिकोयान-गुरेविच यांच्या कार्यालयातून बाहेर पडलेल्या लढाऊ विमानांना विषम अंक मिळत आले होते : १५, १७, १९, २१. या मालिकेचा नियम पाहणाऱ्यांस अवगत होता. पुढचा अंक २३ असणार, हे त्यांनी गृहीत धरले, आणि दिसलेल्या विमानांपैकी जे सर्वांत प्रभावी त्याला तो बहाल केला. म्हणजे प्रमाद नियम न जाणण्याचा नसून, नियम जाणल्यामुळे उदाहरण पारखून पाहण्याची गरज न वाटण्याचा आहे. व्याकरणाच्या विद्यार्थ्यास हा प्रकार अपरिचित नाही. सादृश्याच्या बळावर रूप सिद्ध करावयाचे आणि भाषेत ते प्रत्यक्ष आढळते की नाही हे पाहावयाचे नाही, अशी वृत्ती आपल्याही शास्त्रात वारंवार दिसून येते.

विमान पाहून ओळखणे ही विद्या फार जुनी नाही, आणि ती रक्तपातातून जन्मली. ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारल्यानंतर तिसऱ्याच दिवशी, म्हणजे ६ सप्टेंबर १९३९ रोजी, इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावर ब्रिटिश स्पिटफायर विमानांनी ब्रिटिशच हरिकेन विमाने शत्रूची समजून पाडली. दोन हरिकेन गेली व एका वैमानिकाचा बळी पडला. 'बार्किंग खाडीची लढाई' या उपरोधिक नावाने ती घटना आजही ओळखली जाते. त्यानंतर ओळखीचे शिक्षण ही राष्ट्रीय गरज ठरली. जानेवारी १९४१ पासून 'द एअरोप्लेन स्पॉटर' नावाचे नियतकालिक केवळ याच विषयासाठी निघू लागले, आणि शाळकरी मुलांपासून कारकुनांपर्यंत हजारो माणसे काळ्या छायाकृती पाठ करू लागली. आजही विमानतळाच्या कुंपणालगत दुर्बीण व वही घेऊन तासन् तास उभे राहणारे जे छंदिष्ट युरोपात आढळतात, त्यांची परंपरा थेट तेथपर्यंत पोहोचते.

या शिक्षणाच्या दोन पद्धती होत्या आणि त्यांतील वाद तात्त्विक दृष्ट्या मोलाचा आहे. पहिली पद्धत अवयवांची. पंख, इंजिन, धड व शेपूट या क्रमाने विमान तपासावयाचे आणि अवयवांच्या बेरजेवरून जात ठरवावयाची. ही पद्धत वर्गात उत्तम चाले. परंतु ताशी पाचशे किलोमीटर वेगाने जाणारे विमान चार अवयव क्रमाने तपासू देत नाही. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ सॅम्युएल रेनशॉ यांनी याविरुद्ध दुसरी पद्धत पुढे आणली. पडद्यावर विमानाची प्रतिमा क्षणमात्र, सरावाने सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत, दाखवावयाची आणि पाहणाऱ्याने ती अखंड आकृती म्हणून ओळखावयाची. अमेरिकन आरमाराने ही पद्धत स्वीकारली. वाचनास सरावलेला मनुष्य शब्द अक्षरशः जोडून वाचत नाही, तर एका दृष्टिक्षेपात घेतो. तोच न्याय येथे लावलेला दिसतो. तथापि रेनशॉ यांच्या पद्धतीस एक मर्यादा होती. जे पूर्वी दाखविले आहे तेच तिने ओळखता येते. आपल्या शास्त्रकारांनी जिला प्रत्यभिज्ञा म्हटले, 'तोच हा देवदत्त' असे जिचे उदाहरण दिले, ती ही ओळख. देवदत्त पूर्वी पाहिलेलाच नसेल तर प्रत्यभिज्ञा संभवत नाही. तेथे पुन्हा अवयवांकडे व अनुमानाकडे वळावे लागते. दोमोदेदोवो येथे नेमकी हीच परिस्थिती होती.

नामकरणाचा इतिहासही येथे पाहणे अगत्याचे आहे. १९४२ मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे काम करणारे अमेरिकन अधिकारी फ्रँक मॅकॉय यांनी जपानी विमानांना सुटसुटीत इंग्रजी नावे देण्याची प्रथा पाडली : लढाऊ विमानांस पुरुषांची, बाँबफेकी विमानांस स्त्रियांची. मॅकॉय टेनेसी प्रांताचे असल्याने पहिल्या नावांत झीक, रूफ, नेट अशी त्या डोंगराळ मुलखातील खेडवळ नावे बरीच आली. सुप्रसिद्ध 'झीरो' विमान 'झीक' झाले. पुढे त्याच विमानाची पंखांची टोके चौकोनी कापलेली एक आवृत्ती दिसली. टोके वेगळी, म्हणून जात वेगळी, असे समजून तिला 'हॅप' हे स्वतंत्र नाव देण्यात आले. अमेरिकन विमानदलाचे प्रमुख जनरल आर्नल्ड यांचे टोपणनावही 'हॅप'च होते, व शत्रूच्या विमानास ते दिलेले त्यांना रुचले नाही. तेव्हा 'हॅम्प' असा बदल झाला. अखेरीस हे विमान झीकचाच एक प्रकार असल्याचे सिद्ध होऊन ते 'झीक ३२' म्हणून मूळ कुळात परत आले. एका वर्णाच्या उच्चारभेदावरून दोन भाषा मानाव्यात आणि नंतर ती एकाच भाषेची दोन बोलीरूपे ठरावीत, तसाच हा प्रकार.

सोव्हिएत विमानांसाठी पाश्चात्त्य राष्ट्रांनी युद्धानंतर जी पद्धत ठरविली ती याहून शिस्तबद्ध होती. नावाच्या आद्य वर्णावरून विमानाचे कार्य कळते : लढाऊ विमानांची नावे रोमन लिपीतील 'एफ'ने, बाँबफेकी विमानांची 'बी'ने सुरू होतात. पंख्याच्या विमानास एकाक्षरी व जेट विमानास द्व्यक्षरी नाव द्यावयाचे, असाही संकेत आहे. 'बेअर' हे पंख्याचे, 'बॅजर' हे जेट. (देवनागरीत 'बेअर'ची दोन अक्षरे दिसतात, परंतु इंग्रजी उच्चारात ते एकच अक्षर होय.) या संकेतानुसार मिग-२१ झाले 'फिशबेड', खरे मिग-२३ झाले 'फ्लॉगर', आणि दोमोदेदोवोच्या त्या महाकाय विमानास 'फॉक्सबॅट', म्हणजे वडवाघूळ, हे नाव मिळाले. या पद्धतीचा एक गुण असा की नाव देण्यासाठी वस्तूचे खरे नाव ठाऊक असावे लागत नाही. अंकाची चूक पुढे दुरुस्त झाली. 'फॉक्सबॅट' मात्र अबाधित राहिले, कारण ते फक्त दिसलेल्या रूपाला दिलेले होते.

परंतु रूपावरून नाव देणे निराळे आणि रूपावरून सामर्थ्य ठरविणे निराळे. फॉक्सबॅटचे पंख फार मोठे होते. मोठा पंख म्हणजे हवेत चपळ वळण्याची शक्ती, असा विमानशास्त्रातील सामान्य आडाखा. दोन प्रचंड इंजिने म्हणजे असामान्य वेग. त्याला तर प्रत्यक्ष पुरावाही होता, कारण 'ई-२६६' या भलत्याच नावाखाली सोव्हिएत संघाने १९६५ पासून जागतिक विक्रम नोंदविले होते, व ऑक्टोबर १९६७ मध्ये ५०० किलोमीटरच्या बंद मार्गावर ताशी २९८१ किलोमीटरची गती त्या विमानाने गाठली होती. १९७१ मध्ये ईजिप्तमधून उडणाऱ्या मिग-२५ विमानांनी सिनाईवर टेहळणी केली तेव्हा इस्रायलला ती अडविता आली नाहीत. वेगवान आणि चपळ, असे दुहेरी अनुमान झाले आणि ते अमेरिकेत प्रमाण मानले गेले. जुलै १९७२ मध्ये प्रथम उडालेल्या एफ-१५ या विमानाच्या आखणीत या भीतीचा मोठा वाटा आहे.

६ सप्टेंबर १९७६ रोजी, बार्किंग खाडीच्या घटनेला बरोबर ३७ वर्षे झाली त्या दिवशी, या अनुमानाची परीक्षा दुसऱ्या एका नागरी विमानतळावर झाली. सोव्हिएत विमानदलाचा लेफ्टनंट व्हिक्टर बेलेंको व्लादिवोस्तोकनजीकच्या चुगुयेव्का तळावरून उडाला, आपल्या तुकडीतून निसटला आणि समुद्रालगत अगदी खालून उडत जपानकडे निघाला. जपानी रडारवर तो क्षणभर दिसला. त्याला गाठण्यासाठी फँटम विमानेही उडाली, परंतु तो पुन्हा रडारच्या नजरेआड झाला. चितोसेचा तळ गाठण्याचा त्याचा विचार होता. ढगांमुळे तो सापडला नाही, इंधन संपत आले, आणि दुपारी दोनच्या सुमारास होक्काइदो बेटावरील हाकोदातेचा विमानतळ त्याच्या दृष्टीस पडला. उड्डाण करीत असलेल्या एका प्रवासी बोइंग ७२७ विमानाशी टक्कर थोडक्यात चुकवून त्याने धावपट्टीवर चाके टेकविली, आणि धावपट्टी अपुरी पडल्याने विमान सुमारे २४० मीटर पुढे मातीत जाऊन थांबले. ज्या विमानाच्या अस्पष्ट छायाचित्रांवर तज्ज्ञांची नऊ वर्षे गेली, ते आता रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही कुंपणापलीकडून दिसत होते.

विमानतळ नागरी असल्याचा परिणाम लगेच दिसून आला. परकीय नागरिकाचा बेकायदा प्रवेश हा पोलिसांच्या अधिकारातील गुन्हा. सबब होक्काइदोच्या पोलिसांनी घटनास्थळ ताब्यात घेतले, व जपानच्या स्वसंरक्षण दलाला, म्हणजे ज्यांना त्या विमानात खरा रस होता त्यांनाच, आरंभी दूर राहावे लागले. एकच वस्तू लष्कराच्या लेखी अमोल पुरावा, आणि दंडसंहितेच्या लेखी बेकायदा प्रवेशाचे साधन. असाच संघर्ष पुढे २००१ च्या नोव्हेंबरात ग्रीसमधील कालामाता येथे उलट्या दिशेने घडला. तेथे विमानांची टिपणे घेणारे १२ ब्रिटिश व २ डच छंदिष्ट पकडले गेले. एप्रिल २००२ मध्ये न्यायालयाने त्यांपैकी आठांना हेरगिरीबद्दल तीन वर्षांची व उरलेल्या सहांना साहाय्याबद्दल एक वर्षाची, स्थगित केलेली, शिक्षा दिली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अपिलात सर्वच निर्दोष सुटले. वहीत विमानाचा क्रमांक लिहिणे हा छंद की गुन्हा, हे लिहिलेल्या मजकुरावरून ठरत नाही. लेखनाचा हेतू काय मानला जातो, यावर ते अवलंबून असते. लोहगाव किंवा दाबोळी येथे, जेथे प्रवासी विमाने व लढाऊ विमाने एकाच धावपट्टीवर धावतात, तेथील प्रवाशालाही या प्रश्नाची झळ कधी ना कधी लागतेच.

बेलेंको तीन दिवसांत, ९ सप्टेंबरला, अमेरिकेस गेला. विमान २५ सप्टेंबर रोजी अमेरिकेच्या अवाढव्य सी-५ मालवाहू विमानातून हयाकुरीच्या लष्करी तळावर नेण्यात आले व तेथे सुटे करून तपासले गेले. जे अतिहलक्या टायटॅनियमचे असेल असे वाटत होते ते बहुतांशी, सुमारे ८० टक्के, निकेलयुक्त पोलादाचे निघाले. विमान अतिशय जड होते. मोठे पंख चपळाईसाठी नव्हते. तो भार उचलण्यासाठी ते लागत होते. वेग खराच होता, परंतु ध्वनीच्या २.८ पटींपलीकडे इंजिने निकामी होण्याचा धोका होता. रडारमध्ये अर्धवाहकांऐवजी निर्वात नळ्या होत्या. त्यांची काहींनी थट्टा केली. परंतु त्या रडारची शक्ती एवढी होती की शत्रूच्या अडथळ्याचे संकेत भेदून ते पाहू शके, हे जाणत्यांच्या लगेच लक्षात आले. हे विमान चपळ द्वंद्वयोद्धा नसून, उंचावरून वेगाने येणाऱ्या बाँबफेकी विमानास सरळ रेषेत गाठणारे यंत्र होते. १९६७ मध्ये दिसलेला एकही अवयव खोटा ठरला नाही. पंख मोठेच होते, इंजिने प्रचंडच होती. चुकला तो अवयवापासून प्रयोजनाकडे जाणारा तर्क. आणि त्या तर्काची किंमत एका संपूर्ण विमानप्रकल्पाइतकी पडली. जपानने आपला धडा निराळा घेतला. खालून येणारे विमान जमिनीवरील रडारला दिसत नाही, हे सिद्ध झाल्याने त्याने पुढे हवेतून टेहळणी करणारी ई-२सी विमाने विकत घेतली.

नोव्हेंबर १९७६ मध्ये मिग-२५ तीस पेट्यांत भरून समुद्रमार्गे सोव्हिएत संघास परत करण्यात आले. जपानने वाहतुकीच्या खर्चाचे ४० हजार डॉलरचे बिल पाठविले. सोव्हिएत संघाने एक कोटी डॉलरची भरपाई मागितली. पाचच वर्षांनी, १९८१ मध्ये, त्याच विमानाची टेहळणी करणारी आवृत्ती भारतीय विमानदलात बरेली येथे दाखल झाली, आणि रशियन कारखान्यात ई-१५५, विक्रमांच्या नोंदवहीत ई-२६६, पाश्चात्त्यांच्या टिपणांत आधी चुकीचे मिग-२३ व मग वडवाघूळ ठरलेले हे यंत्र २००६ मध्ये निवृत्त होईपर्यंत येथे 'गरुड' या नावाने उडत राहिले.