दक्षिणा, विद्यावेतन आणि इतिहासाचा विद्यार्थी

यज्ञाच्या अंतीं ऋत्विजांस द्यावयाचें द्रव्य ती दक्षिणा, हा या शब्दाचा श्रौत अर्थ. पेशवाईंत तो राज्यानें विद्वानांच्या केलेल्या वार्षिक सन्मानास लागला. आणि इंग्रजी अमलांत त्याच शब्दास जोडून ‘दक्षिणा फेलो’ हें महाविद्यालयीन पद निघालें. इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र या विषयांत पदवीपरीक्षेस प्रथम येणाऱ्या विद्यार्थ्यांस आज जीं पदकें व पारितोषिकें मिळतात, त्यांच्या वंशावळीची एक शाखा येथवर मागें नेतां येते. ती थोडक्यांत मांडून तींतील एका प्रसंगाचा विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

श्रावणमासीं विद्वानांस दक्षिणा वाटण्याचा प्रघात सेनापति खंडेराव दाभाडे यांनीं तळेगांवीं पाडला. त्यांचे पुत्र त्र्यंबकराव १७३१ सालीं डभईच्या लढाईंत पडल्यावर पहिल्या बाजीरावानें तो पुण्यास चालविला. पुढें पर्वतीच्या पायथ्याशीं रमण्यांत हा समारंभ होऊं लागला व दूरदूरच्या प्रांतांतून ब्राह्मण तेथें लोटूं लागले. मान मुख्यतः वेदपठणाचा व शास्त्रांचा. इतिहास लिहिणारे बखरकार त्या काळींही होते; पण त्यांची विद्या दप्तरांत व सरदारांच्या वाड्यांत वावरली. रमण्यांत तिला आसन नव्हतें.

१८१८ नंतर एल्फिन्स्टननें दक्षिणा एकाएकीं बंद केली नाहीं. तिच्याच द्रव्यांतून ६ ऑक्टोबर १८२१ रोजीं विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा उघडली गेली. १८४९ सालीं लोकहितवादी प्रभृति सुधारकांनीं सरकारास अर्ज केला कीं, या निधीचा कांहीं भाग मराठी ग्रंथांच्या उत्तेजनार्थ लावावा. पुण्यांत त्यावर मोठें वादळ उठलें. तथापि पुढें दक्षिणा प्राइज कमिटी अस्तित्वांत आली व देशभाषेंतील ग्रंथास राजाश्रयाचा मार्ग खुला झाला. तो सर्वांस सारखाच खुला होता असें मात्र नव्हे. जोतीराव फुले यांनीं १८५५ सालीं ‘तृतीय रत्न’ हें नाटक या कमिटीकडे पाठविलें. तें स्वीकारलें गेलें नाहीं, आणि कमिटींतील भटसभासदांच्या आग्रहामुळें हें घडलें असें स्वतः फुले यांनीं लिहून ठेविलें आहे.

याच दक्षिणेच्या नांवानें पुढें महाविद्यालयांत फेलो नेमले जाऊं लागले. फेलोनें स्वतः अध्ययन करावें व खालच्या वर्गांस शिकवावें, असा क्रम होता. मुंबई विश्वविद्यालय १८५७ सालीं स्थापन झालें. त्याचे पहिले पदवीधर १८६२ सालीं बाहेर पडले. त्यांपैकीं रामकृष्ण गोपाळ भांडारकर व महादेव गोविंद रानडे हे दोघेही दक्षिणा फेलो होते. रानडे यांस कनिष्ठ फेलो म्हणून दरमहा ६० रुपये व पुढें ज्येष्ठ फेलो म्हणून १२० रुपये मिळत. इतिहास व अर्थशास्त्र या विषयांत त्यांनीं विशेष सन्मानाची परीक्षाही दिली. रमण्यांत ज्या विद्येस आसन नव्हतें, तीस दक्षिणेच्या नांवाचें वेतन घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातून हा मान मिळाला, ही गोष्ट सामान्य नव्हे.

आतां तो प्रसंग. रानडे यांचे चरित्रकार सांगतात कीं, विद्यार्थिदशेंत त्यांनीं एका निबंधांत मराठी राज्याची इंग्रजी राज्याशीं तुलना करून इंग्रजी राज्यास उणें ठरविलें. प्रिन्सिपॉल सर अलेक्झांडर ग्रँट हे रानडे यांच्या बुद्धीचे चाहते. पण जें सरकार शिक्षण देतें त्याचीच निंदा करावी हें त्यांस रुचलें नाहीं, आणि विद्यावेतन सहा महिने बंद झालें.

या प्रसंगांत समाजशास्त्रांच्या पारितोषिकाची खरी अडचण उघडी पडते. वैदिकानें संहिता शुद्ध म्हटली तर दात्याविषयीं त्याचें मत काय, हा प्रश्न उद्भवत नाहीं. इतिहासाचा विद्यार्थी ज्याचा अभ्यास करितो तें राज्य पुष्कळदां त्याचें अन्नदातेंही असतें. चांगला निबंध लिहिल्याबद्दल मान आणि त्याच निबंधाबद्दल दंड, हे दोन्ही एकाच हातानें संभवतात. रानडे यांनीं मराठ्यांचा विषय सोडला नाहीं. १९०० सालीं मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला.

निजामी मराठवाड्यांत हाच प्रश्न अधिक कठोर रूपानें उभा राहिला. प्रस्तुत लेखक राहतो तें हिमायतनगर, पूर्वीचें वाढोणा, त्याच राज्यांत होतें. १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विश्वविद्यालयांत शिक्षणाचें माध्यम उर्दू. मराठी विद्यार्थ्यास परकी भाषेंत गुण मिळवावे लागत. नोव्हेंबर १९३८ मध्यें औरंगाबाद व हैदराबाद येथील विद्यार्थ्यांनीं ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला, तेव्हां शेंकडों विद्यार्थ्यांस संस्थांबाहेर जावें लागलें. नागपूर विश्वविद्यालयानें त्यांतील अनेकांस आश्रय दिला. येथें सहा महिन्यांचें वेतन नव्हे, सबंध पदवीच पणास लागली होती. नांदेडास स्वतंत्र विद्यापीठ १९९४ सालीं झालें, आणि आज हिमायतनगरांतही महाविद्यालय आहे.

संग्राहकांस एक विनंति. दक्षिणेच्या जुन्या याद्या आपण जपतों. तसेच पारितोषिकाचे शिक्के असलेलीं पुस्तकें, प्रशस्तिपत्रें आणि विशेषतः विद्यार्थ्यांचे निबंध जपावे. निकालपत्रकांत केवळ क्रमांक राहतो. पारितोषिक कोणत्या विचारास मिळालें आणि कोणत्या विचारासाठीं गमवावें लागलें, हें निबंधावांचून कळत नाहीं. आणि जुनीं घरें पडतात तेव्हां रद्दींत पहिल्यानें जातात ते हेच कागद.